राजा दीनदयाळ

राजा दीनदयाळ (जन्म : सरधना, १८४४, मृत्यू : मुंबई, ५ जुलै १९०५) हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अग्रगण्य भारतीय छायाचित्रकार होत. लाला दीनदयाळ या नावानेही ते ओळखले जातात. इंदूर येथे सरकारी नोकरीत असताना त्यांनी छायाचित्रणास आरंभ केला. पुढे ते हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. संस्थानिक, सरदार, ब्रिटिश अधिकारी, लष्करी तुकड्या, प्राचीन वास्तू, शिकारी आणि समारंभ असे विविध विषय त्यांनी हाताळले. तथापि त्यांची कीर्ती मुख्यतः व्यक्तिचित्रांवर उभी आहे. रंगांची नोंद न करणाऱ्या आणि सर्व रंगांना समान प्रतिसादही न देणाऱ्या काचपट्टीवर भारतीय चेहरा, वस्त्रे आणि अलंकार यांच्या छटांचा तोल साधणे, हा त्यांच्या कलेतील मध्यवर्ती प्रश्न होता. निजामाच्या राज्यातील मराठवाड्याशीही त्यांच्या कामाचा निकटचा संबंध आला. १८९९–१९०० च्या दुष्काळात औरंगाबाद जिल्ह्यात घेतलेली त्यांच्या संस्थेची छायाचित्रे या भागाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहेत.

जन्म व शिक्षण

दीनदयाळ यांचा जन्म मेरठजवळील सरधना या गावी जवाहिऱ्यांच्या जैन कुटुंबात झाला. वडिलोपार्जित व्यवसायाकडे न वळता त्यांनी रुडकी येथील थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात तांत्रिक शिक्षण घेतले. हीच संस्था आज भारतीय तंत्रज्ञान संस्था, रुडकी म्हणून ओळखली जाते. तेथील अभ्यासक्रमात मोजणी, आरेखन आणि बांधकामाचे अंदाजपत्रक तयार करणे या विषयांना महत्त्व होते. वास्तूचे प्रमाण अचूक टिपण्याची आणि रेषेकडे काटेकोरपणे पाहण्याची सवय त्यांना येथे लागली. पुढील काळातील त्यांच्या वास्तुचित्रांत व समूहचित्रांत या शिक्षणाचा ठसा स्पष्ट दिसतो.

१८६६ मध्ये शिक्षण पूर्ण करून ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत मुख्य अंदाजपत्रककार व आरेखक म्हणून रुजू झाले.

इंदूरमधील आरंभ

इंदूर ही होळकर संस्थानाची राजधानी होती आणि मध्य भारतातील संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटिश प्रतिनिधीचे मुख्य ठाणेही तेथेच होते. त्यामुळे मराठी दरबाराचा आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांचा असा दोन्ही बाजूंचा आश्रय तेथे मिळू शकत होता. दीनदयाळ यांना तो लाभला. १८७४ च्या सुमारास त्यांनी छायाचित्रण हाती घेतले. गव्हर्नर जनरलचे मध्य भारतातील प्रतिनिधी सर हेन्री डेली आणि इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांनी त्यांना उत्तेजन दिले. डेली यांच्या ओळखीमुळे व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक आणि १८७५–७६ मध्ये भारतात आलेले प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या भेटींच्या प्रसंगी छायाचित्रे घेण्याची संधी त्यांना मिळाली.

भारतात त्या वेळी छायाचित्रण ही नवलाईची गोष्ट उरली नव्हती. मुंबईत १८५४ मध्येच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण यांसारख्या भारतीयांनी तेथे या कलेत नाव मिळविले होते. मात्र मोठ्या शहरांतील नामांकित स्टुडिओंवर युरोपीय व्यावसायिकांचे वर्चस्व होते. संस्थानिकांच्या दरबारात आणि व्हाइसरॉयच्या दौऱ्यांत एका भारतीयाने त्यांच्या बरोबरीचे स्थान मिळवावे, ही घटना म्हणूनच लक्षणीय ठरते.

त्या काळी छायाचित्र काढणे हे कष्टाचे काम होते. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कलोडियनची पद्धत सर्वत्र रूढ होती. तीत काचेच्या पट्टीवर कलोडियनचा थर देऊन ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावी लागे. पट्टी ओली असतानाच प्रकाशात धरून लगेच अंधाऱ्या तंबूत तिच्यावर रासायनिक प्रक्रिया करावी लागे. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पट्टी पाहता पाहता वाळून निकामी होई. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचविलेल्या जिलेटिनच्या कोरड्या पट्ट्या १८८० च्या सुमारास बाजारात सहज मिळू लागल्या आणि प्रवासातील काम सुकर झाले. या पट्ट्या अधिक संवेदनक्षम असल्याने उद्भासनाचा काळ, म्हणजे पट्टी प्रकाशात धरण्याचा काळ, कमी झाला. मात्र उष्णतेने जिलेटिनचा थर मऊ पडून काचेवरून सुटण्याची भीती होती. त्यामुळे द्रावणे थंड राखणे आणि तुरटीने थर घट्ट करणे हे उष्ण प्रदेशातील छायाचित्रकाराचे नित्याचे काम होऊन बसले. दीनदयाळ यांच्या कारकिर्दीत या दोन्ही पद्धतींचा काळ येतो.

मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे

१८८२–८३ मध्ये डेली यांच्या जागी आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत दीनदयाळ यांनी बुंदेलखंड व परिसराचा दौरा केला. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची, ओरछा, दतिया इत्यादी ठिकाणच्या वास्तूंची छायाचित्रे त्यांनी घेतली. यांतील ऐंशीहून अधिक चित्रांचा ग्रंथ ग्रिफिन यांच्या वर्णनासह १८८६ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला.

या कामातून दीनदयाळ यांच्या प्रकाशविषयक जाणिवेचा पाया घातला गेला. देवळाच्या भिंतीवरील शिल्प समोरून येणाऱ्या उजेडात सपाट दिसते. ऊन तिरके झाले की प्रत्येक उंचवट्यामागे सावली पडते आणि कोरीव काम उठून दिसते. ऊन फार तिरके झाले तर सावल्यांत तपशील बुडून जातो. वास्तू जागची हलविता येत नाही. म्हणून योग्य प्रहराची वाट पाहणे हा एकच मार्ग उरतो. स्टुडिओत मात्र उजेड पडद्यांनी वळविता येतो आणि माणसाला हव्या त्या दिशेने बसविता येते. दगडावर शिकलेला हा धडा चेहऱ्यालाही लागू होता. नाक, गालफड, भुवया आणि हनुवटी यांचे उंचसखलपण दाखविणारा उजेड कोणता आणि ते पुसून टाकणारा कोणता, याची निवड व्यक्तिचित्रात निर्णायक ठरते.

हैदराबाद दरबार

१८८५ च्या सुमारास दीनदयाळ यांची सहाव्या निजामाचे छायाचित्रकार म्हणून नियुक्ती झाली. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे छायाचित्रकार म्हणूनही त्यांना मान्यता मिळाली. लांब रजा घेऊन व नंतर नोकरी सोडून त्यांनी पूर्ण वेळ व्यवसाय सुरू केला. १८८६ मध्ये सिकंदराबाद येथे त्यांचा स्टुडिओ सुरू झाला. तेथे मोठी लष्करी छावणी असल्याने दरबाराखेरीज लष्करी अधिकारी व त्यांची कुटुंबे हा वर्गही ग्राहक म्हणून मिळाला.

निजाम महबूब अली खान यांना छायाचित्रांची हौस होती. दरबार, मेजवान्या, राजवाड्यांची दालने, शिकारीच्या छावण्या, पाहुण्यांचे स्वागत या सर्वांची नोंद दीनदयाळ यांच्या संस्थेने केली. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन हैदराबाद राज्यात आले असताना, मारलेल्या वाघासह घेतलेले कर्झन दांपत्याचे छायाचित्र विशेष प्रसिद्ध आहे. औरंगाबाद, दौलताबाद, वेरूळ व खुलदाबाद या मराठवाड्यातील स्थळांची त्यांची छायाचित्रेही निजामाच्या राज्याच्या दृश्यसंग्रहांत समाविष्ट झाली.

१८९४ मध्ये निजामाने त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. स्वतः कवी असलेल्या निजामाने त्यांच्या कलेची प्रशंसा करणारे दोन चरण रचल्याचेही प्रसिद्ध आहे. राणी व्हिक्टोरिया यांचे छायाचित्रकार म्हणून राजमान्यतेचे पत्र त्यांना मिळाले. १८९३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या छायाचित्रांचा गौरव झाला.

व्यक्तिचित्रांतील प्रकाशयोजना

विजेच्या दिव्यांचा वापर रूढ होण्यापूर्वी स्टुडिओतील व्यक्तिचित्रे सूर्यप्रकाशावर घेतली जात. त्यासाठी स्टुडिओच्या छताचा आणि एका भिंतीचा काही भाग काचेचा ठेवीत. हा काचेचा भाग उत्तरेकडे असावा, असा संकेत युरोपात रूढ झाला होता. तेथे उत्तरेच्या बाजूने थेट ऊन येत नाही आणि दिवसभर एकसारखा मंद उजेड मिळतो. दख्खनमध्ये हा नियम वर्षभर चालत नाही. हैदराबाद, मुंबई आणि घनसावंगी ही तिन्ही स्थाने कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहेत. हैदराबादेत साधारणपणे मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो. त्यामुळे उत्तरेच्या काचेतूनही ऊन आत येते. काचेखाली सरकते पडदे लावून किंवा काचेवर रंगाचा पातळ हात फिरवून हे ऊन विखुरून घेण्याची रीत होती.

वरून व एका बाजूने येणाऱ्या या उजेडात चेहऱ्याचा एक भाग उजळ व दुसरा छायेत राहतो. छायेतील भाग अगदी काळा पडू नये म्हणून त्या बाजूस पांढऱ्या कापडाचा किंवा कागदाचा परावर्तक पडदा उभा करीत. पडदा जवळ आणला की सावली हलकी होते, दूर नेला की गडद होते. मुख्य उजेड किती उंचीवरून घ्यावा यालाही महत्त्व होते. तो फार वरून आला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि फार खालून आला तर चेहरा अनैसर्गिक दिसतो. भुवईखालची सावली डोळ्यावर न येता पापणीपाशी थांबावी आणि बुबुळात उजेडाचा ठिपका दिसावा, ही चांगल्या मांडणीची खूण मानली जाई.

उद्भासनाचा काळ काही सेकंदांचा असल्याने माणूस हलू नये म्हणून पाठीमागे दृष्टीआड उभ्या केलेल्या लोखंडी आधारावर डोके टेकवीत. त्या काळच्या व्यक्तिचित्रांतील ताठरपणाचे कारण पुष्कळ अंशी या यांत्रिक गरजेत सापडते. हाताखाली टेबल, तलवारीची मूठ किंवा खुर्चीची पाठ देण्यामागेही शोभेइतकाच स्थैर्याचा हेतू असे.

दीनदयाळ यांच्या व्यक्तिचित्रांत सामान्यतः नाट्यपूर्ण छायाप्रकाश आढळत नाही. त्यांचा उजेड मऊ असतो, सावल्या पारदर्शक असतात आणि चेहऱ्याचा दोन्ही बाजूंचा तपशील शाबूत राहतो. पार्श्वभूमी बहुधा रंगविलेल्या पडद्याची व मध्यम करड्या छटेची असते. त्यामुळे पांढरा अंगरखा तिच्यावर उजळ आणि काळे केस किंवा गडद शेरवानी गडद दिसते. दरबारी व्यक्तिचित्राच्या प्रयोजनाशी ही मांडणी सुसंगत होती. चित्र पाहताच व्यक्तीबरोबर तिचे पद, पोशाख, पदके आणि अलंकार ओळखता यावेत, ही ग्राहकाची अपेक्षा असे. अर्धा चेहरा अंधारात ठेवणारी मांडणी कलात्मक ठरली असती, तरी अर्धी पदकेही तिने अंधारात ठेवली असती.

रंगांचे करड्या छटांत रूपांतर

कृष्णधवल छायाचित्र रंगांची नोंद केवळ उजेडाच्या प्रमाणात करते असा समज आहे. एकोणिसाव्या शतकातील पट्ट्यांबाबत तो खरा नाही. कलोडियनच्या व आरंभीच्या जिलेटिनच्या पट्ट्या निळ्या, जांभळ्या व अतिनील प्रकाशाला तीव्र प्रतिसाद देत. पिवळ्याला त्या फार थोडा आणि लाल रंगाला जवळजवळ मुळीच प्रतिसाद देत नसत. परिणामी निळे आकाश कोरे पांढरे आणि निळा शालू फिकट उमटे. लाल पागोटे मात्र काळसर दिसे. जरीचे पिवळे सोने डोळ्यांना झळाळते दिसले तरी पट्टीवर ते गडद होई. केवळ जिथून उजेड थेट परावर्तित होई, तिथे त्याचे चमकते ठिपके उमटत. मोती व हिरे पांढरे राहत, तर माणिके व पाचू काळपट होत. जवाहिऱ्यांच्या घरात जन्मलेल्या छायाचित्रकाराला रत्नांच्या मूळ रंगात आणि या नोंदीत पडणारे अंतर जाणवल्याशिवाय राहिले नसावे.

या पक्षपाती प्रतिसादाचा सर्वांत मोठा परिणाम त्वचेवर होई. सावळ्या वा गव्हाळ त्वचेत तांबड्या-पिवळ्या छटांचा वाटा मोठा असतो. म्हणून ती प्रत्यक्षाहून अधिक गडद उमटे. युरोपीय हस्तपुस्तिकांतील उद्भासनाचे अंदाज गोऱ्या चेहऱ्यावर बेतलेले होते. तेच प्रमाण वापरले तर भारतीय चेहऱ्यातील बारकावे काळोखात जात. उद्भासन वाढविले तर चेहरा उमटे, परंतु पांढरा अंगरखा आणि मोत्यांचे सर एकमेकांत मिसळून पांढरा डाग होई. चेहरा व वस्त्रे दोन्ही एकाच पट्टीवर टिकवायची, तर दोहोंतील अंतर प्रकाशयोजनेनेच कमी करावे लागे. उजेड विखुरलेला ठेवणे, सावलीच्या बाजूस परावर्तक जवळ आणणे, चेहरा उजेडाकडे वळविणे आणि पांढरे वस्त्र उजेडापासून किंचित दूर ठेवणे, हे त्याचे उपाय होते. दीनदयाळ यांच्या चित्रांतील मऊ उजेडाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे तो केवळ अभिरुचीचा भाग राहत नाही. भारतीय चेहरा आणि भारतीय पोशाख या दोहोंना न्याय देण्याचा तो व्यावहारिक मार्ग होता.

जर्मन शास्त्रज्ञ हेरमान फोगेल यांनी १८७३ मध्ये पायसात विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून पट्टीला हिरव्या-पिवळ्या प्रकाशाची संवेदना देता येते, असे दाखविले. अशा सुधारित पट्ट्या पुढील दशकांत मिळू लागल्या. लाल रंगाची अडचण मात्र विसाव्या शतकातील सर्ववर्णी पट्ट्या येईपर्यंत कायम राहिली.

ऋणप्रत, म्हणजे निगेटिव्ह, तयार झाल्यावरही छटांची निवड संपत नसे. ऋणप्रतीवर टोकदार पेन्सिलीने हलके ठिपके दिले की त्या जागी तिची घनता वाढते आणि छापील प्रतीत ती जागा उजळते. सुरकुत्या, देवीचे व्रण आणि डोळ्यांखालची सावली पुसण्यासाठी व्यावसायिक स्टुडिओ ही युक्ती सर्रास वापरीत. या हाताने त्वचा गोरी करून देणेही शक्य होते. चेहरा किती खरा ठेवायचा आणि किती उजळायचा, हा म्हणून केवळ तंत्राचा प्रश्न नव्हता. ग्राहकाची इच्छा, समाजाची आवड आणि छायाचित्रकाराचा विवेक यांचा तो व्यवहार होता.

छापण्यासाठी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमेन कागद वापरीत. ऋणप्रत त्यावर ठेवून दोन्ही उन्हात धरीत. छापील प्रत ऋणप्रतीएवढीच होत असल्याने मोठ्या चित्रासाठी मोठी काच लागे. छापलेल्या प्रतीला सोन्याच्या क्षाराचे स्नान दिले की तिची तांबूस छटा जांभळट तपकिरी होई आणि प्रत अधिक टिके. त्यामुळे आज कृष्णधवल म्हणून ओळखली जाणारी ही चित्रे मुळात काळ्या-पांढऱ्या रंगाची नव्हती. जुन्या प्रतींत दिसणारा पिवळेपणा मात्र छायाचित्रकाराच्या निवडीचा भाग नसून काळाचा परिणाम आहे. श्रीमंत ग्राहकांसाठी छायाचित्रावर हाताने रंग भरून देण्याचीही प्रथा होती. तीत जरीचे सोने आणि पागोट्याचा लाल रंग परत मिळे.

जनाना स्टुडिओ

१८९२ मध्ये दीनदयाळ यांनी हैदराबाद येथे केवळ स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ सुरू केला. पडदा पाळणाऱ्या घरांतील स्त्रिया परपुरुषासमोर छायाचित्रासाठी बसू शकत नसत. म्हणून या स्टुडिओची व्यवस्था श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे सोपविण्यात आली. एरवी दृश्य नोंदीबाहेर राहिलेल्या स्त्रियांना व्यक्तिचित्राचा लाभ मिळवून देणारा हा उपक्रम भारतातील छायाचित्रणाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. दीनदयाळ यांच्या संस्थेची मुद्रा असलेले प्रत्येक चित्र त्यांनी स्वतः घेतलेले नव्हते, हेही यावरून लक्षात येते. त्यांचे पुत्र ज्ञानचंद व धरमचंद आणि अनेक पगारी साहाय्यक या कामात सहभागी होते. त्यामुळे संस्थेची शैली ही अनेक हातांनी घडविलेली शैली होय.

मराठवाड्यातील दुष्काळाची छायाचित्रे

जालना जिल्ह्यातील घनसावंगी हे आज तालुक्याचे ठिकाण आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात होता. दीनदयाळ यांच्या काळी हा सारा प्रदेश निजामाच्या राज्याचा भाग होता.

१८९९ मध्ये पावसाने दगा दिल्याने पश्चिम व मध्य भारताबरोबर दख्खनच्या मोठ्या भागात तीव्र दुष्काळ पडला. निजाम सरकारने केलेल्या मदतकार्याची नोंद करण्याचे काम दीनदयाळ यांच्या संस्थेकडे आले. निजामाच्या लोकोपयोगी कामांच्या छायाचित्रमालिकेत त्यामुळे औरंगाबाद येथील दुष्काळपीडितांच्या चित्रांचा समावेश झाला. त्यांपैकी एका चित्रात लंगोटी नेसलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या तरुणांचा गट आहे. चित्राच्या शीर्षकात गटाचे वर्णन व गावाचे नाव आहे, माणसांची नावे नाहीत.

दरबारी व्यक्तिचित्रांच्या शेजारी ही चित्रे ठेवली म्हणजे प्रकाशयोजनेचा अर्थ वेगळ्या रीतीने समोर येतो. मदतकेंद्रावर काचेचे छत, पडदे व परावर्तक नसतात. वेळ, दिशा आणि अंतर एवढेच छायाचित्रकाराच्या हाती उरते. डोक्यावरील उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. स्टुडिओत हाच दोष टाळण्यासाठी सारी खटपट केलेली असते. तिरक्या उन्हात बरगड्यांची प्रत्येक रेषा स्पष्ट होते, तर समोरच्या उजेडात ती पुसट होते. पट्टीच्या मर्यादेमुळे उन्हाने रापलेली त्वचा अधिकच काळी उमटते आणि मागची कोरडी जमीन व आकाश पांढरे पडते. दरबारात जो तपशील पदाची ओळख देतो, तोच तपशील येथे उपासमारीचा पुरावा ठरतो. नवाबाच्या चित्रात उजेड मोत्यांवर थांबतो. येथे तो गळ्याच्या हाडांवर थांबतो.

या चित्रांचा हेतू सरकारी होता. राज्य आपल्या प्रजेसाठी काय करीत आहे, हे त्यांतून दाखवायचे होते. चित्रातील माणसांनी छायाचित्रकाराची नेमणूक केली नव्हती आणि चित्राची प्रतही त्यांना मिळणार नव्हती. स्टुडिओत बसणारा ग्राहक आपला पोशाख, आपली बैठक आणि बऱ्याच अंशी आपली छटाही निवडू शकत असे. दुष्काळात समोर उभ्या केलेल्या माणसाला त्यांतले काहीच निवडता येत नसे. तरीही या चित्रांचे मूल्य कमी होत नाही. त्या काळच्या मराठवाड्यातील संपन्न घराण्यांची व्यक्तिचित्रे मिळू शकतात, परंतु शेतकरी व मजूर यांचे चेहरे क्वचितच टिपले गेले आहेत. घनसावंगीसह ज्या जिल्ह्याने तो दुष्काळ सोसला, त्या जिल्ह्यातील सामान्य माणसाची ही आरंभीच्या दृश्य नोंदींपैकी एक आहे. छायाचित्रणाचे सामाजिक अंग अभ्यासणाऱ्यांनी म्हणूनच दीनदयाळ यांची दरबारी चित्रे व दुष्काळाची चित्रे एकत्र पाहणे उपयुक्त ठरते.

मुंबईतील स्टुडिओ व अखेरचा काळ

१८९६ मध्ये दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ उघडला. तो त्या वेळी देशातील अत्यंत मोठ्या स्टुडिओंपैकी एक होता. मुंबईत युरोपीय व भारतीय व्यावसायिकांची स्पर्धा तीव्र होती. ग्राहकवर्गही वेगळा होता. व्यापारी, वकील, अधिकारी आणि प्रवासी येथे येत. दरबाराच्या आश्रयावर उभा राहिलेला व्यवसाय शहरी मध्यमवर्गापर्यंत नेण्याचा हा प्रयत्न होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी हातात धरता येणारे स्वस्त कॅमेरे आले. पूर्वी ज्या प्रसंगासाठी व्यावसायिकाला बोलवावे लागे, तो प्रसंग हौशी माणूस स्वतः टिपू लागला. १९०४ मध्ये पुत्र धरमचंद यांचे निधन झाले. त्यापाठोपाठ ५ जुलै १९०५ रोजी दीनदयाळ यांचे मुंबईत निधन झाले. जुन्या लेखनात त्यांच्या मृत्यूचे वर्ष १९१० असेही दिलेले आढळते. त्यांच्या पश्चात ज्ञानचंद यांनी सिकंदराबादचा स्टुडिओ चालविला.

वारसा

दीनदयाळ यांच्या संस्थेच्या काचेवरील ऋणप्रतींचा मोठा संग्रह सुरक्षित राहिला, ही भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासातील भाग्याची गोष्ट होय. १९८९ मध्ये नवी दिल्ली येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने २,८५७ ऋणप्रती संपादन केल्या. अल्काझी छायाचित्र संग्रहात आणि लंडनमधील ब्रिटिश लायब्ररीतही त्यांची चित्रे आहेत. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले.

मूळ ऋणप्रती उपलब्ध असल्याचा एक विशेष लाभ आहे. छापील प्रत काळानुसार फिकट होते व तिच्या छटा बदलतात. काचेवर मात्र छायाचित्रकाराने दिलेला उजेड, सावलीत राखलेला तपशील आणि पेन्सिलीने केलेली दुरुस्ती बऱ्याच अंशी जशीच्या तशी राहते. त्यामुळे चेहऱ्यावरील कोणती छटा उजेडाने दिली आणि कोणती नंतर हाताने दिली, हे अभ्यासकाला वेगळे करून पाहता येते.

दीनदयाळ यांच्या चित्रांनी संस्थानी भारताची प्रतिमा घडविली. आज त्या काळाविषयी वाचताना डोळ्यांसमोर येणारे अनेक चेहरे त्यांच्या काचपट्ट्यांवरूनच आलेले आहेत. ज्यांची नावे किताबांसह नोंदली गेली असे मानकरी आणि ज्यांची नावे कोणीच लिहून ठेवली नाहीत असे मराठवाड्यातील दुष्काळपीडित, या दोघांनाही एकाच संस्थेच्या कॅमेऱ्याने टिपले. त्यांच्या कार्याचे मोल ठरविताना ही दोन्ही टोके विचारात घ्यावी लागतात.